तिकीट लावा, पण आधी फाटक मोजा

या वर्षी आमच्याकडच्या फुटबॉल स्पर्धेला तिकीट लागणार, असं जवळपास ठरलंय. विदर्भातल्या वणी-घुग्गुस पट्ट्यात फुटबॉलचं वेड काय आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कामठीची टीम येणार म्हटलं की आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून लोक येतात. त्यामुळे बातमी फुटल्यापासून चौकात आणि व्हॉट्सॲपवर एकच वाद सुरू आहे, पन्नास घ्यायचे की शंभर. किती रुपये यावर सगळे बोलतात. एकूण किती तिकिटं विकायची, हे मात्र कोणीच विचारत नाही. मला धास्ती त्याचीच आहे.

तिकिटाला माझा विरोध नाही. पंचांचं मानधन, बाहेरच्या संघांचं राहणं-खाणं, लाइट, बक्षिसं हे सगळं किती वर्षं वर्गणीवर ओढायचं? पण ज्या दिवशी तुम्ही माणसाकडून पैसे घेऊन त्याला आत सोडता, त्या दिवसापासून तो सुखरूप बाहेर पडेल ही जबाबदारी तुमची. पोलिसांची नंतर, आधी तुमची.

आपली पोट्टी लिव्हरपूलची लाल जर्सी घालून फिरतात. मानेच्या मागे बघा, दोन ज्योतींच्या मधे 97 लिहिलेलं असतं. हा कोणत्या खेळाडूचा नंबर नाही. 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कप सेमीफायनल होती. मॅच पाहायला आलेली लिव्हरपूलची 97 माणसं गर्दीत चेंगरून गेली. त्यातला शेवटचा माणूस तर त्या दिवसाच्या इजा अंगावर वागवत 2021 मध्ये गेला.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण सुरुवात तिकिटातच होती. लिव्हरपूलच्या उभ्याने मॅच पाहणाऱ्या लोकांसाठी एका टोकाची 10,100 तिकिटं दिली होती, आणि आत जायला एकेक माणूस सोडणारी फिरती फाटकं होती सात. इंग्लंडमधल्या मैदानांच्या सुरक्षा नियमावलीत एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. सात फाटकं म्हणजे तासाला 4,620. दहा हजार माणसं आत जायला दोन तासांच्या वर लागणार, हे पाचवीतलं पोरगं कागदावर काढून देईल. कोणी काढलं नाही. बाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी एक मोठं फाटक उघडून दिलं आणि सगळा लोंढा बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत गेला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कोणी उभं नव्हतं. समोर लोखंडी जाळी. बरीचशी माणसं पायाखाली आली नाहीत, उभ्या उभ्याच गेली. छाती फुगायला जागा नसली की श्वास घेता येत नाही.

आणि मग दोष कोणाला? प्रेक्षकांना. दारू पिऊन आले, बिनतिकिटाचे आले, फाटक तोडून घुसले, असं सांगितलं गेलं. ते खोटं होतं. एप्रिल 2016 मध्ये ज्यूरीने सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांची काही चूक नव्हती. आईबापांना हे ऐकायला 27 वर्षं लागली. काही त्याआधीच गेले.

पुढे सुधारलं असेल म्हणाल, तर 28 मे 2022 ला पॅरिसमधली चॅम्पियन्स लीगची फायनल बघा. तिकीट हातात असलेली माणसं तासन्‌तास बंद फाटकासमोर दाबून उभी राहिली, वरून अश्रुधूर. पहिल्याच रात्री आयोजकांनी सांगून टाकलं की नकली तिकीटवाल्या लोकांमुळे गोंधळ झाला. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, त्यात मुख्य जबाबदारी आयोजकांची, म्हणजे युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेची निघाली. त्याच 2022 च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर 135 माणसं गेली. तिथे 38,000 च्या मैदानाची 42,000 तिकिटं विकली होती. मॅचनंतर काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला, आणि लोक पळाले तर दारं अरुंद, काही बंद.

हे लांबचं वाटत असेल तर नागपूर आपल्याला लांब नाही. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनाजवळ गोवारी समाजाचा मोर्चा अडवला, लाठीमार झाला, आणि 114 माणसं चेंगरून गेली. बाया आणि लेकरंच जास्त. आपल्याच खेड्यांतली माणसं होती ती. तो मोर्चा होता, मॅच नव्हती, हे मला कळतं. पण गर्दीला जायला वाट नसली की काय होतं, ते तेच असतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1995 मध्ये, नागपूरच्याच सिव्हिल लाइन्सच्या क्रिकेट मैदानावर भारत-न्यूझीलंड मॅच सुरू असताना पूर्वेकडच्या स्टँडची भिंत पडली आणि नऊ जण गेले. ती भिंत नवीच बांधलेली होती. तिकीट काढून सकाळी डबा घेऊन गेलेली माणसं होती.

आता आपल्या मैदानावर येऊ. गेल्या वर्षीच्या फायनलला मी गॅलरीच्या खाली वाकून पाहिलं. बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, जमिनीत गाडलेल्या नव्हत्या, विटांवर टेकवल्या होत्या. आदल्या रात्री अवकाळी शिंतोडे पडले होते आणि आपली काळी माती पाण्याने कशी होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. एक वीट अर्धी आत गेली होती, आणि ती बल्ली ज्या आडव्या बल्लीला बांधली होती तो नायलॉनचा दोर सैल पडून टांगला होता. वर शाळेच्या मुली बसल्या होत्या. गोल झाला की सगळी गॅलरी उड्या मारते, तेव्हा ती फळी वरखाली होताना मला खालून दिसत होती. मार्च 2022 मध्ये केरळात मलप्पुरमला अशीच तात्पुरती गॅलरी फुटबॉल मॅचमध्ये कोसळली आणि शे-दोनशे लोक जखमी झाले, हे मला तेव्हा आठवत होतं.

मी समितीतल्या काकांना हाक मारून ते दाखवलं. ते म्हणाले, "भाऊ, पब्लिक आपली घरचीच हाय जी. इतके वर्षं काई झालं काय?" काका मनाने चांगला माणूस आहे, स्पर्धेसाठी स्वतःच्या खिशातून घालतो. पण इतकी वर्षं झालं नाही, हे काही कारण नाही. हिल्सबरोवरही आधी कितीतरी सेमीफायनल झाल्या होत्या.

आणि फाटक. आपलं फाटक तीन मीटरचं आहे, एकच. इंग्लंडच्या त्याच नियमावलीत सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं धरतात आणि लोक आठ मिनिटांत बाहेर पडले पाहिजेत, असं आहे. म्हणजे आपल्या फाटकातून आठ मिनिटांत 1,968 माणसं निघतील. तेही पूर्ण मोकळं असेल तर. फायनलला अर्ध्या फाटकावर मोटारसायकली उभ्या असतात, उरलेल्यावर चना-फुटाण्याच्या गाड्या. मग आकडा हजाराच्याही खाली येतो. फायनलला माणसं किती असतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं आहे की कुपनं छापायला टाकण्याआधी आत किती माणसं सोडायची तो आकडा काढा. कुपनांवर नंबर टाका आणि कोणाकडे कुठून कुठपर्यंतचं बुक गेलं ते लिहून ठेवा. नंबर नसलेलं कुपन ब्लॅकमध्ये दोनदा विकता येतं, आणि मग आत माणसं किती हे देवालाच माहीत. पुढाऱ्यांना, देणगीदारांना जे पास वाटतो तेही त्याच आकड्यात धरा, कारण पासवाला माणूसही त्याच फाटकातून बाहेर येतो. व्हीआयपी मंडप दरवर्षी सावलीच्या बाजूला, बाहेर पडायच्या वाटेवरच टाकतात. तो हलवा. शाळेच्या मागचं तारेचं कुंपण त्या दिवसापुरतं काढलं तर दुसरं फाटक फुकट मिळतं. हे मी दोन वर्षांपासून सांगतोय.

बाया आणि मुलींसाठी वेगळी, जमिनीवरची जागा ठेवा. मुली आता स्वतः खेळतात. त्यांना मॅच पाहायला यायचंय आणि रेटारेटीमुळे घरचे पाठवत नाहीत.

पैसे घेऊन नीट न दाखवणं हाही धोकाच आहे. डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी कोलकात्याला आला, तेव्हा लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली आणि मैदानात त्याच्याभोवती पुढाऱ्यांचा, ओळखीच्यांचा इतका गराडा होता की गॅलरीतून तो दिसलाच नाही. पुढे खुर्च्या तुटल्या. तोडफोड चूकच, पण त्या माणसांना आधी फसवलं होतं हे विसरून कसं चालेल?

आपल्याकडे परवानगीचा अर्ज जातो, त्यात माइक किती वाजेपर्यंत ते असतं. आत किती माणसं सोडणार, हे मी तरी कधी त्यात वाचलं नाही. या वर्षी तो आकडा अर्जात लिहा आणि फाटकावर फळा टांगून त्यावरही लिहा. तेवढी कुपनं संपली की विक्री बंद, मग समोर आमदार उभे असोत की माझा सख्खा भाऊ. बाहेर राहिलेल्यांसाठी बाजारचौकात पडदा लावता येतो, त्याचा खर्च मी आणि माझे दोन मित्र मिळून करायला तयार आहोत.

आणि बैठकीत प्रेक्षकांतली दोन-चार माणसं घ्या. गॅलरी कुठे हलते, कुठे दाटी होते, हे दरवर्षी तिथे उभ्या राहणाऱ्याला ठाऊक असतं, मंडपात बसणाऱ्याला नाही.

समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आहे. मी हा सगळा हिशोब कागदावर लिहून घेऊन जाणार आहे. एकट्याचं ऐकतील असं वाटत नाही, म्हणून ज्यांची लेकरं त्या गॅलरीवर बसतात त्यांनी यावं. मंडप कंत्राटदाराला ओळखणारं कोणी असेल तर त्यालाही सोबत आणा, बल्ल्या गाडून घ्यायला किती जास्तीचे घेईल ते तिथेच विचारून टाकू.