पाचनंतर चौपाटी बंद!

2021 च्या डिसेंबरअखेर कोरोनापायी मुंबईत हुकूम निघाला होता: संध्याकाळी 5 ते पहाटे 5 चौपाटीवर यायचं नाही. 15 जानेवारी 2022 पर्यंत. वा! म्हणजे भेळ आम्ही सकाळी दहाला विकायची? भर उन्हात, कावळ्यांना? अहो, आमचा धंदाच मुळी सूर्य खाली उतरला की सुरू होतो. हा नियम ज्यानं काढला त्यानं जन्मात कधी गिरगाव चौपाटीवर उभं राहून पाणीपुरी खाल्ली नसावी.

त्याआधी 2021 च्या जूनमध्येही हेच. दुकानं, हॉटेलं दुपारी 4 पर्यंत. चारपर्यंत कोरोना डुलकी काढतो आणि चारच्या ठोक्याला त्याच्या अंगात येतं, असं काही आहे का? तिकडे गेटवेला फोटोवाले गळ्यात कॅमेरा अडकवून कबुतरं मोजत बसलेले. कबुतर फोटोचे पैसे देतं होय?

आणि नियम कळायचा कधी? बटाटे उकडून, चिंचेची चटणी करून झाली की! घरभाडं, कर्जाचा हप्ता, पोराची फी यांना मात्र कसली संचारबंदी नव्हती. बरोब्बर तारखेला दारात हजर.

तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, पार्सल द्या ना." पार्सल? शेवपुरीचं? दादर येईपर्यंत लगदा होतो हो त्याचा!