टॅब नकोत, ताईंचा पगार द्या

श्टुटगार्टला बसून पुण्याच्या भांडणात तोंड घालणं हा आम्हा परदेशस्थांचा आवडता उद्योग. यंदाचं भांडण शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेटलं. आमचा एक वर्गमित्र हिंजवडीतल्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजकार्यावरच्या खर्चाचं, काम बघतो. त्याचं म्हणणं, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं तेच ते करतात. आधी नावीन्य दाखवा, मग पैसे मागा. दुसरा लगेच उसळला, हे काम सरकारचं, संस्थांनी करायचंच कशाला? मला दोघांचंही पटलं नाही.

गेल्या खेपेला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत एका छोट्या संस्थेचा वर्ग पाहिला. दहा बाय बाराची खोली, बाहेर चपलांचा ढीग, आत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी. सहावी-सातवीतल्या मुली एकाएकी यायच्या बंद झाल्या, तेव्हा तिथल्या ताई घरोघर फिरल्या. पाणी संध्याकाळी पाचला येतं आणि हंडे भरायचे मुलींनीच, एवढंच कारण. ताईंनी मुलींचा वर्ग सातला नेला, कडेवरचं भावंडही आणायला परवानगी दिली आणि रात्री मुलींना घरी पोचवायला आयांच्या पाळ्या लावल्या. मुली परत आल्या. देणगीदाराच्या अहवालात मात्र ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ या रकान्यात त्यांनी ‘टॅब’ लिहिलं. टॅब कपाटात होते, चार्जरसकट. वेळ बदलली हे कोण छापणार?

पुण्यात कल्पनांचा दुष्काळ कधीच नव्हता. सारसबागेसमोरचं गरवारे बालभवन १९८५ पासून चालू आहे. डोअर स्टेप स्कूलने बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी बसमध्येच वर्ग भरवले. अडतं ते पुढे. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, चांगलंच झालं. पण २०२१ च्या नियमांनुसार दीर्घ मुदतीचा प्रकल्पसुद्धा, सुरुवातीचं वर्ष सोडून, तीन वर्षांत आटपायचा असतो. म्हणजे दहाव्या वर्षी वर्गात आलेली मुलगी चौदाची होते, घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू होते, आणि नेमका तेव्हाच प्रकल्प ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ होतो. ताई दुसरी नोकरी शोधतात. ज्या माणसाला मुलगी घरचं सांगते, तेच माणूस जातं.

इथे जर्मनीत युवककेंद्रातले समाजकार्यकर्ते पगारी असतात आणि केंद्र अनेकदा एखादी संस्था चालवते, पैसा मुख्यतः शहराचा. पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बालक-युवक कल्याणाची जी स्थानिक समिती असते, तिच्यातली पाचांपैकी दोन मतं मान्यताप्राप्त संस्थांनी सुचवलेल्या लोकांची असतात. कायद्यानेच. नगरसेवकांच्या शेजारी बसून संस्थेचं माणूस अग्रक्रम ठरवतं. केबिनबाहेर फाइल घेऊन ताटकळत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. माणसं मिळत नाहीत, आणि कागद विचारू नका. ताईंनी पाचचा वर्ग सातला नेला तसं करायचं तर इथे दोन बैठका आणि एक विमा-पत्र लागलं असतं. मुलांबरोबर काम करणाऱ्यांकडून मागतात तो चारित्र्याचा सरकारी दाखला मात्र पुण्यातल्या प्रत्येक संस्थेने स्वयंसेवकांकडूनही मागावा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तरी अजून ‘ओळखीचा मुलगा आहे’ एवढ्यावर भागवलं जातं.

मित्र म्हणेल, जर्मनीचं पुण्यात कसं चालेल? पण असं बसायला जागा आपल्या कायद्यातही आहे. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या प्रभाग समित्यांवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. त्या जागांवर पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते, ही पुण्यातली जुनी तक्रार. २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेवर नगरसेवकांऐवजी प्रशासक होता, त्यामुळे हा विषयच मागे पडला. आता नगरसेवक आले आहेत. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आपसातली देणगीदारांची स्पर्धा थोडी बाजूला ठेवून प्रत्येक प्रभाग समितीसाठी एक नाव एकमताने पुढे करावं, आणि नगरसेवकाने ते नाकारलं तर का, हे त्याला जाहीरपणे विचारावं. सीएसआरवाल्या मित्राला काही नवीन हवंच असेल तर त्याने या खटपटीचा खर्च उचलावा.