एकादशीची गोळी

गेल्या कार्तिकी एकादशीला वहिनीचा फोन आला तेव्हा इंग्लंडमध्ये, मी राहते त्या लीड्समध्ये, अजून उजाडायचे होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी मात्र अकरा वाजले होते. ओसरीवर बसलेली आई समोरच्या नातवाला, वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या मामांच्या नावाने हाका मारत होती आणि हातातला पेला कलंडून लुगडे भिजले तरी तिला त्याचे भान नव्हते. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. कोणी म्हणाले, वय झाले, आता असेच चालायचे. मी वहिनीला विचारले, "शुगरची गोळी घेतली का तिने?" ती म्हणाली, "घेतली ना ताई, सकाळीच. पन खाल्लं कुठं, आज उपास हाये नं तिचा." ग्लुकोमीटर कपाटातून काढायला लावले. साखर 46 निघाली, म्हणजे धोकादायक इतकी खाली. आईला गिळता येत होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, नंतर दूध-केळे दिले, आणि अर्ध्या तासाने तिने नातवाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली.

त्या दिवसापासून गावच्या व्हॉट्सअॅप गटावरची मधुमेहाची चर्चा मी वेगळ्या नजरेने वाचते. तिथे दोन बाजू आहेत. एका बाजूला दिवसातून दोनदाच जेवा, गहू सोडा, मेथ्यांचे पाणी घ्या आणि गोळ्या बंद करा असे सांगणारे. दुसऱ्या बाजूला पथ्य वगैरे ठीक आहे, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी, ही टक्क्यांत मोजतात) सातच्या खाली आलीच पाहिजे, नाही आली तर गोळी वाढवा असे म्हणणारे. दोघेही कळकळीने बोलतात, आणि माझ्या पंचेचाळिशीतल्या भावाला दोघांच्याही सांगण्याचा उपयोग झाला आहे, हे मी नाकारत नाही. पण आई 74 वर्षांची आहे. पंचेचाळिशीच्या शरीराला लागू पडणारा हिशेब तिला तसाच लावला जातो, हे मला मान्य नाही.

आईच्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे एकत्र आहेत. आपल्याकडे ही जोडगोळी घरोघरी असते. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक इतकी सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावले की औषधाचा अंमलही लांबतो. मेंदूला साखर साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे रक्तातली साखर उतरली की पहिला फटका त्यालाच बसतो. तरुणाला अशा वेळी घाम सुटतो, हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणे अनेकदा दिसतच नाहीत, थेट भ्रम दिसतो. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि गोळी दुसऱ्या दिवशीही चालू राहते.

कॅलिफोर्नियातल्या 16,667 मधुमेही रुग्णांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 65. साखर फार उतरल्यामुळे ज्यांना दवाखान्यात न्यावे लागले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले, आणि असे प्रसंग जितके अधिक तितका धोका अधिक. यात गुंतागुंत आहे: ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली आहे, तोच गोळी दोनदा घेतो किंवा जेवायचे विसरतो, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सरळ ठरत नाही. पण साखर खूप खाली आणल्याने तरी मेंदू वाचतो का, याचेही उत्तर 2011 मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून मिळाले. साखरेवर अतिकडक नियंत्रण ठेवलेल्या गटाची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सरस ठरली नाही. त्याच चाचणीतले ते कडक उपचार 2008 मध्येच थांबवावे लागले होते, कारण त्या गटात मृत्यू अधिक झाले.

याचा अर्थ गोळ्या फेकून द्याव्यात असा कोणी काढू नये. वर्षानुवर्षे चढलेली साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण दीडपट होतो. माझे म्हणणे इतकेच की गोळी आणि जेवण यांचा विचार एकत्र झाला पाहिजे.

मी इथे औषधाच्या दुकानात काम करते. नाजूक प्रकृतीच्या वृद्धांसाठी साखरेचे लक्ष्य सैल करावे, असे इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे, त्यामुळे ऐंशीच्या आजींचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आठपर्यंत गेला तर डॉक्टर घाबरत नाहीत, उलट एखादी गोळी कमी करतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ज्यांना धोका आहे त्यांची ती तपासणी करावी असे इथल्या औषध नियामकाने 2022 मध्ये सांगितले. आपल्या माळकरी, शाकाहारी घरांत हा धोका दुहेरी असतो. पायांच्या मुंग्या आणि विसराळूपणा यांमागे बी-12 निघाले तर इंजेक्शनने फरक पडतो, आणि तरी ते तपासायचे आमच्या गावात कोणी सुचवल्याचे मला आठवत नाही.

मात्र याच दुकानात आठवड्याच्या गोळ्यांचे अठ्ठावीस कप्प्यांचे डबे परत येतात तेव्हा मंगळवार, बुधवार, गुरुवार भरलेलेच असतात. एकट्या राहणाऱ्या कुण्या बाईंनी तीन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, हे पाहणारे घरात कोणी नव्हते. आईच्या ओसरीवर त्या दिवशी सहा माणसे होती. त्यांना फक्त काय पाहायचे ते ठाऊक नव्हते.

जेवणाच्या बाबतीत गटावरचा सल्ला मला सर्वांत अपुरा वाटतो. "ज्वारी खा" म्हणणे सोपे आहे, पण आमच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने कधीच घेतली. उरलीसुरली रानडुकरे आणि पाखरे ठेवत नाहीत, आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात. शिवाय आईला दाढा नाहीत. भाकर तिला वरणात चुरून, भिजवून द्यावी लागते, आणि तेवढा वेळ कोणाला नसला की ती चहा-टोस्टवर भागवते. त्या टोस्टने साखर चढते, चढलेली साखर पाहून गोळी वाढते आणि उपासाच्या दिवशी तीच वाढलेली गोळी तिला पाडते. तिच्या डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर 168 पाहून डोस दुप्पट केला होता. ती काय खाते, कोणते उपास धरते, हे त्यांनी विचारले नव्हते. तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची मऊ भाजी, जवसाची चटणी, दही, शक्य असेल त्यांना अंडे, एवढे वेळेवर पोटात गेले तर अर्धे काम होते.

गावात आशाताई तीस वर्षांवरील सर्वांची साखरेसाठी नोंद करतात. साठीपुढच्यांना त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत, असे मी आरोग्य केंद्राला लिहिले आहे: आज जेवलात का, उपास कोणते धरता, आणि अलीकडे कधी अचानक गोंधळल्यासारखे झाले का.

दुसऱ्या डॉक्टरांनी आईचे ग्लिमेपिराइड आता बंद केले आहे. मेटफॉर्मिन चालू आहे. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी, चतुर्थी आणि गुरुवार यांना लाल पेनाने गोल केले आहेत आणि त्या दिवशी आईला काय खायला दिले ते त्याच चौकटीत ती लिहिते. परवाच्या गुरुवारी लिहिले होते: भगर, दही, नऊ वाजता.