‘फक्त शटर बदलायचे होते, हे अख्खं किचन तोडायला निघाले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला किचनच्या कपाटांच्या जुन्या शटरना (म्हणजे दारांना) रंग नाहीतर वरून सनमायका एवढंच पाहिजे होतं, आमच्या माणसाने येऊन अख्खं किचन तोडायला सांगितलं, वर व्हिजिट चार्जही घेतला, आणि तुमच्या आईंकडे सुताराने नुसती दारं बदलून काम करून दिलं. व्हिजिट चार्जचं आधी संपवतो. तो फोनवरच सांगितला होता, काम दिलं तर बिलातून वजा होतो, नाही दिलं तर नाही, सगळ्यांना हाच नियम.

आता अख्खं किचन. कोटेशन परत एकदा उघडून बघा प्लीज. वरचे सगळे बॉक्स तसेच ठेवायचे, नुसते शटर आणि बिजागऱ्या नवीन, असं त्यात लिहिलंय. गॅसखालचे बॉक्सही तसेच, स्टीलच्या ट्रॉल्याही त्याच, कारण त्या चांगल्या आहेत, घासून घेतल्या की झालं. काढायचा म्हटलाय तो सिंकखालचा बॉक्स आणि त्याला लागून बाटल्यांची जी अरुंद ट्रॉली आहे तिचा. बस.

तो का, हे तुमच्यासमोरच दाखवलं होतं. तुमचं किचन बिल्डरने दिलेलं आहे, आत पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबून केलेला असतो तो, कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून तर वरचे बॉक्स ठणठणीत आहेत, पण एकदा कडेच्या पट्टीतून पाणी आत गेलं की भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगतो आणि वाळला तरी परत बसत नाही. सिंकखाली तळाची फळी अंगठ्याने दाबली तर आत जात होती. खालच्या बिजागरीचा स्क्रू पिळला तर नुसता गरगर फिरला आणि भुसा गळला, शटर लोंबतंय ते त्यामुळे. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून स्क्रू बसवता येतो, कुठलाही सुतार बसवून देईल, प्लायमध्ये तो टिकतोही, पण असल्या फुगलेल्या बोर्डात नवं जड शटर लावलं तर परत लोंबणारच आणि तेव्हा तुम्ही एकच स्टार द्याल.

रंगाचं म्हणाल तर आम्ही पीयू पेंट (पॉलियुरेथेनचा रंग) करतो, नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. पण तुमचे शटर मेम्ब्रेनचे आहेत, म्हणजे एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डवर) पीव्हीसीची फॉइल, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. गॅसच्या उष्णतेने ती कडेला सुटलीय. त्यावर रंग मारला तर फॉइल निघताना रंगही घेऊन निघेल. आणि सनमायका हा सपाट शीट असतो, तुमच्या शटरवर कोरीव चौकटीची डिझाइन आहे, तो बसणार कुठे? सपाट लॅमिनेटचे शटर असते तर पॉलिश पेपर मारून, फोडणीचा तेलकटपणा नीट काढून, प्रायमर देऊन मीच म्हटलं असतं रंगवा, पैसे वाचवा. भाड्याचं घर असतं तर वरून स्टिकर चिकटवा म्हटलं असतं, खरंच.

आईंकडचा फोटो तुम्ही मोबाइलवर दाखवलात, त्यात ओट्याखाली उभ्या फळ्या कडप्प्याच्या दिसतायत. जुन्या घरात असंच असायचं, कडप्पा उभा करून त्यात ट्रॉल्या आणि पुढे लाकडी फ्रेमवर दारं. कडप्प्याला ना पाणी लागतं ना वाळवी, त्यामुळे तिथे नुसती दारं बदलणं एकदम बरोबर, त्या सुताराने योग्यच केलं, आम्हीही तेच केलं असतं. तुमच्याकडे तो कडप्पा नाहीये हाच सगळा फरक आहे.

‘महागडा प्लाय माथी मारतात’ असंही लिहिलंय म्हणून सांगतो, ७१० मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा, आम्ही फक्त त्या दोन बॉक्सना धरलाय, नवीन शटरना साधा बीडब्ल्यूआर प्लाय (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट). काम कुणाकडूनही करा, आमचं काही म्हणणं नाही, फक्त शीट कापायच्या आधी त्यावरचा आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा नंबर स्वतः बघा, आणि कापलेल्या सगळ्या कडा, पाइपच्या भोकाची कडसुद्धा, बंद करून घ्या, तिथूनच पाणी शिरतं.

आणि शटरचं काय ते नंतर ठरवा, आधी प्लंबर बोलवा. सिंकच्या वेस्ट कपलिंगमधून (पाणी खाली जातं त्या तोंडाच्या जोडातून) अजून थेंब थेंब गळतंय, आमच्या माणसाने खाली ठेवलेला डबा बहुतेक भरला असेल.