आकडेमोड न करता घर कसं घ्यावं

‘भाड्याचं घर, खाली कर’ ही म्हण पाठ असेल तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मावशी, साडू आणि ऑफिसातला तो एक सहकारी करेल. घर घ्यायचं की भाड्यानं राहायचं, हे ठरवायला बसताना कॅल्क्युलेटर मात्र चुकूनही जवळ ठेवू नका. एकदा का आकडे मांडले की घर घेण्याची हौस मोडते. आणि हौस मोडलेला माणूस लग्नकार्यात काय बोलणार?

तरी सवयच असेल तर एकदा मांडून बघा. कांदिवलीत १ कोटीचा वन बीएचके, त्याचं भाडं समजा महिना २८ हजार. म्हणजे घराची किंमत साधारण ३० वर्षांच्या भाड्याएवढी. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे जात नाही, म्हणून २५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, म्हणजे ६ लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, आणखी ५ लाख. झाले ३६ लाख ३० हजार, आणि अजून किल्ली हातात नाही. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पण मग दारावरच्या पाटीचं काय करायचं? लाखभर रुपयांसाठी पाटी बदलणारा पुरुष अजून दुर्मीळ आहे.

आता हप्ता. ७५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: महिना सुमारे ६५ हजार. पहिल्या हप्त्यात व्याज ५३,१२५ आणि मुद्दल बाराएक हजार. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. व्याज मात्र पाण्यात जात नाही, ते बँकेत जातं. २८ हजार घेणारा घरमालक दर वर्षी कटकट करतो, ५३ हजार घेणारी बँक वाढदिवसाला शुभेच्छा पाठवते. फरक आहे की नाही?

व्याजदर बदलता आहे, तिकडे लक्ष देऊ नका. दर १ टक्का वाढला आणि हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे ३०८ च्या वर जातात, पावणेसहा वर्षं जास्त. हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो मेसेज ‘प्री-अप्रूव्हड कार्ड’च्या मेसेजांमध्ये नीट मिसळून येतो, तेव्हा वाचायचा त्रास नाही. करात सूट मिळते म्हणून कर्ज घ्या असंही कुणी सांगेल. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, हे त्याला सांगून त्याचं मन दुखवू नका.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना मोजपट्टी नेऊ नये, वाईट दिसतं. तिथं खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडलं तर पलंगाला लागेल. पलंग पाच फुटांचा, त्यावर सहा उशा, समोर भिंतभर आरसा, कपाट ठेवलेलंच नाही. माहितीपत्रकातलं ‘रेरा कार्पेट’, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्यानं ठरवलेलं आतलं क्षेत्रफळ, बघून खूश व्हा. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण खोल्यांमधल्या आतल्या भिंती धरतात. म्हणजे दोन-चार टक्के जागा भिंतीच्या पोटात राहायला मिळते.

चालू बांधकामातलं घर घेतलं तर दोन्ही सुखं एकदम लाभतात: राहत्या घराचं भाडं आणि न राहत्या घराचं प्री-ईएमआय. प्री-ईएमआय म्हणजे बिल्डरला जेवढी रक्कम गेली तेवढ्याचं नुसतं व्याज. मुद्दल जागचं हलत नाही, इमारतीसारखंच. ताबा मिळाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची पालिकेची परवानगी, मागून बिल्डरला अवघडवू नका. ते नसलं तर पाण्यासाठी टँकर मोजावे लागतात आणि पुढे घर विकताना गिऱ्हाइकाची बँक तोंड फिरवते, एवढंच. अभिहस्तांतरणाचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचंही तसंच. जमीन बिल्डरच्याच नावावर राहिली की ३० वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीला एकत्र यायला कारण मिळतं.

भाड्यानं राहणारेही काही शहाणे नव्हेत. हप्ता आणि भाडं यांतले ३७ हजार दरमहा एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या हप्त्यात टाकणार, असं ते सांगतात. पहिले तीन महिने टाकतातही. मग फोन येतो, गोवा येतो. शिवाय भाडं कुठं थांबतं? वर्षाला ५ टक्के वाढलं तर हप्त्याला गाठायला सतराएक वर्षं लागतात, १० टक्के वाढलं तर नऊच. म्हणून करारात वाढीचा आकडा कुठंही लिहू नये, तो मालकाच्या मूडवर सोडावा.

करारावरून आठवलं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्यानं देण्याचा करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. २८ हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिट धरलं तर मुद्रांक ८०० च्या आसपास, नोंदणी १,०००. हे १,८०० वाचवायला मालक साध्या कागदावर सही घेतो. आता १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं कलम ५५ असं की, नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाला हे सांगू नका, बिचारा १,८०० वाचल्याच्या आनंदात असतो. तुम्ही मात्र राहायला येताना भिंतींचे, नळांचे, गिझरचे फोटो काढू नका. नाहीतर सोडताना रंगाचे २५ हजार डिपॉझिटमधून कापायला त्याला निमित्त कुठून मिळणार? एजंटलाही नूतनीकरणाच्या दर वेळी महिन्याचं भाडं देत राहा. त्याचंही घराचं कर्ज चालू असतं.

एवढं करूनही भाड्यानंच राहायचं ठरलं, तर मावशीला भाड्याचा आकडा सांगू नये. “कंपनीनं दिलंय,” म्हणावं. ती पुढचं एवढंच विचारेल, लिफ्ट आहे का.