पत्रकार सुटला, कागद देणारा आत

ऑस्ट्रेलियातल्या एबीसी या सरकारी वाहिनीचे पत्रकार डॅन ओक्स यांच्यावरचा तुमचा लेख वाचला. अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी निःशस्त्र माणसं मारल्याच्या आरोपांची गुप्त कागदपत्रं त्यांनी २०१७ मध्ये बाहेर काढली, २०१९ ला पोलीस थेट कार्यालयात, २०२० मध्ये त्यांच्यावरच्या खटल्याचा विचार सरकारी वकिलांनी सोडला. ठीक. पण कागद देणारे लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यांना २०२४ मध्ये ५ वर्षं ८ महिने शिक्षा झाली, ती लेखात जेमतेम एका ओळीत!

आम्ही वास्कोकर. दाबोळीच्या नौदल तळावरची गुपितं गुपितंच राहावीत, यात वाद नाही. पण असल्या हत्या झाकणं ही कसली देशसुरक्षा? आपल्याकडे तर १९२३ चा इंग्रजी अमलातला गोपनीयता कायदा अजून आहे, आणि त्यात 'जनहितासाठी उघड केलं' असा बचाव दिलेलाच नाही. राफेल विमान खरेदीचे कागद वृत्तपत्राने छापले तेव्हा ते गुप्त असल्याचा सरकारचा आक्षेप सुप्रीम कोर्टाने फेटाळला म्हणून बरं. आता मॅकब्राइडवर वेगळा लेख द्या की!