मंगळाचे फोटो रंगवतात म्हणे!

गेल्या बुधवारी रात्री आप्पांनी घरच्या ग्रुपवर 'मंगळाचे फोटो खोटे असतात' असा एक मेसेज टाकला. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७६. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून त्यांना मोबाइलवरचं सगळं इतकं स्वच्छ दिसतं, की त्यातलं काही खोटं असेल ही शंकाच येत नाही. असले मेसेज मी एरवी सोडून देतो. लसूण-मधाने हृदयाचे ब्लॉकेज उघडतात, तिथेही मी गप्पच बसलो होतो.

पण दुसऱ्या दिवशी अमळनेरहून भाचीचा फोन आला. "मामा, हाई खरं शे का?" ती नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन महिने राबते आहे. मंगळावरच्या स्पिरिट रोव्हरचे तीन काळे-पांढरे फोटो घ्यायचे आणि त्यांतून एक रंगीत फोटो तयार करून दाखवायचा, असा तिचा प्रयोग. तोच मेसेज तिच्या सरांच्याही मोबाइलवर फिरत आलेला. सर म्हणाले, "हे तर एडिटिंग झालं. त्यापेक्षा ठिबक सिंचनाचं मॉडेल कर." ठिबकला मी नावं ठेवणार नाही, जळगाव जिल्ह्यात राहायचं आहे मला. पण एका फॉरवर्डपायी पोरीचे दोन महिने पाण्यात?

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी मेसेजचा सारांश देतो. मंगळाचे खरे फोटो काळे-पांढरे असतात, नासावाले कॉम्प्युटरवर लाल रंग भरतात. तिथलं आभाळ खरं तर निळं आहे. रोव्हरवर लावलेली निळी पट्टी फोटोत गुलाबी दिसते, म्हणजे चोरी पकडली गेली. रोव्हर सेल्फी काढतो, मग त्याचा हात कुठे आहे? आभाळात तारे का नाहीत? हे सगळं कॅनडातल्या एका बेटावर शूट होतं. आपलं चांद्रयानही ॲनिमेशन, नाहीतर ५० मेगापिक्सेलच्या जमान्यात काळे-पांढरे फोटो कशाला? मुलांना या नादी लावू नका. खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

आता माझी ओळख. चाळीसगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवसा लग्नाचे करिझ्मा अल्बम करतो, आणि गेली अकरा वर्षं रात्री मंगळाचे, गुरूचे, चंद्राचे कच्चे फोटो उतरवून घेऊन त्यांच्याशी खेळत बसतो. बायको याला 'फुकटचं गिऱ्हाईक' म्हणते. फोटोत रंग भरणं हा माझा धंदाच असल्यामुळे पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलणार आहे.

कच्चा फोटो काळा-पांढरा असतो, हे खरं. पण तुमच्या खिशातल्या मोबाइलचंही तेच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी नाहीतर निळी अशी बारीक काच बसवलेली असते, आणि शेजारच्या ठिपक्यांशी हिशेब करून रंग काढला जातो. भाचीच्या वाढदिवसाच्या केकवरचा गुलाबी रंगही हिशेबातूनच आलेला आहे. क्युरिऑसिटी रोव्हरच्या मुख्य कॅमेऱ्यात हीच पद्धत, आपल्या मंगळयानाच्या कॅमेऱ्यातही हीच. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे जानेवारी २००४ मध्ये उतरलेले जुने गडी. त्यांच्या पॅनकॅम कॅमेऱ्यासमोर काचांचं एक चाक फिरायचं. एक काच समोर आली की एक फोटो, दुसरी आली की दुसरा. तीन फोटो एकावर एक बसवले की रंग दिसतो. भाची करते आहे ते हेच.

मग रंग बरोबर आहे हे ठरवायचं कसं? खरा प्रश्न हा आहे, आणि मेसेजवाल्याला तो पडलेलाच नाही. हळदीचा कार्यक्रम आठवा. वर केशरी कापडाचा मांडव, भर दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली आलेलं. नवरदेवाचा पांढरा बनियनसुद्धा फोटोत केशरी येतो. मी काय करतो? बनियन पांढरा आहे हे मला ठाऊक असतं, त्यावरून बाकीचे रंग जुळवतो. मंगळावर तसलाच मांडव कायमचा टाकलेला आहे. हवेत लोहाच्या गंजाची बारीक धूळ तरंगत असते, त्यामुळे उजेडच पिवळट-तांबूस येतो. तिथे बनियन नाही, म्हणून रोव्हरवर रंग ओळखीचे असलेली एक तबकडी बसवून पाठवतात. स्पिरिटवरची तबकडी सूर्यघड्याळाची होती. मधोमध काठी, भोवती करड्या छटांची वर्तुळं, चार कोपऱ्यांत लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार तुकडे. सराफाकडे कसाचा दगड असतो, तसं हे रंगांचं कसोटीचं साधन. तबकडीवर लिहिलेलं वाक्यही मला आवडतं: 'दोन जगं, एक सूर्य'.

आणि मेसेजमधली ती 'निळी पट्टी' म्हणजे याच तबकडीचा निळा तुकडा. गंमत अशी, की तो काही फोटोंत खरोखरच गुलाबी दिसतो. २००४ साली यावरून भरपूर बोंब झाली होती, मेसेजवाल्याने वीस वर्षांपूर्वीचं शिळं ऊन करून वाढलं आहे. कारण साधं आहे. पॅनकॅमच्या डाव्या डोळ्यातली एल-२ नावाची काच ७५३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश आत सोडते. आपल्या डोळ्यांची झेप साधारण ७०० पर्यंत, म्हणजे हा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. दगडांतली लोहाची खनिजं वेगळी ओळखायला ही काच उपयोगी, म्हणून शास्त्रज्ञ पुष्कळदा लाल काचेऐवजी हीच वापरायचे. त्या निळ्या तुकड्यातला रंग या अदृश्य प्रकाशात झगझगीत चमकतो. लालच्या जागी एल-२ चा फोटो बसवला की निळ्यात लाल मिसळतो आणि तुकडा गुलाबी होतो. कोणत्या फोटोला कोणती काच होती हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. चोरी करणारा माणूस पावती जोडून देत नाही हो.

विश्वास बसत नसेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसलं तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. डोळ्याला न दिसणारा जांभळट उजेड दिसेल. माझ्या दुकानाच्या सीसीटीव्हीत रात्री काळा शर्ट घातलेला माणूस पांढऱ्या शर्टात दिसतो. म्हणून काय सीसीटीव्ही कंपनीने त्याचे कपडे बदलले?

आता नाइलाजाने कबूल करायच्या गोष्टी. वायकिंग-१ यान जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलं तेव्हा पहिला रंगीत फोटो घाईघाईत तयार झाला आणि त्यात आभाळ निळसर आलं. नंतर यानावरच्या रंगांच्या पट्ट्यांशी ताडून ते दुरुस्त केलं, तर आभाळ फिकट गुलाबी-पिवळट निघालं. चूक झाली होती, उघडपणे सुधारली. दुसरं म्हणजे, क्युरिऑसिटीचे काही फोटो नासाच 'पृथ्वीच्या उजेडात हे दगड कसे दिसले असते' अशा रंगात काढते, कारण भूगर्भवाल्यांना ओळखीच्या उजेडात दगड ओळखणं सोपं जातं. त्या फोटोंत आभाळ निळसर होतं. फोटोखाली तसं लिहिलेलंही असतं, फॉरवर्ड करणारे ती ओळ कापून टाकतात. तिसरं, आमच्यासारखे हौशी लोक कधीकधी रंग जास्तच चढवतात. मीही चढवलेत. आणि हाताने रंग भरलेलं मंगळाचं एक चित्र खरोखर आहे! जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ चा पहिला फोटो आकड्यांच्या रूपात येत होता. २०० गुणिले २०० ठिपके, एका फोटोला आठ तासांहून जास्त वेळ. नासाच्या इंजिनिअरांना धीर धरवेना, म्हणून त्यांनी आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि खडूंनी आकड्यांप्रमाणे रंगवल्या. मेसेजवाल्याला हे ठाऊक असतं तर त्याने फोटोसकट टाकलं असतं.

सेल्फीकडे वळतो, कारण आप्पांना हाच मुद्दा फार पटला होता. "हात दिसत नाही ना पण?" क्युरिऑसिटीचा ३१ ऑक्टोबर २०१२ चा प्रसिद्ध सेल्फी हा एक फोटो नाहीच. हाताच्या टोकाला बसवलेल्या कॅमेऱ्याने हात इकडेतिकडे वळवत काढलेले ५५ फोटो जोडून तो केला आहे. एका फोटोत हात मध्ये आला तरी तीच जमीन दुसऱ्या फोटोत मोकळी मिळते, जोडताना मोकळी घ्यायची. लग्नाच्या हॉलचा आडवा लांबलचक फोटो आम्ही असाच शिवतो. खरं सांगायचं तर मी याहून मोठं पाप केलेलं आहे. सुरतेत अडकलेल्या एका काकांना मी ग्रुप फोटोच्या मागच्या रांगेत उभं केलंय, आणि ते खुद्द काकूंनाही कळलं नाही. ती लबाडी. पण त्या सेल्फीचे ५५ तुकडे नासाने सुटे ठेवलेत, कोणीही उतरवून घ्या आणि पुन्हा शिवा. काकांचा मूळ फोटो मात्र मी कोणाला दाखवणार नाही.

तारे का दिसत नाहीत? स्टेजवर फोकस मारून नवरा-नवरीचा फोटो काढला की मागच्या आभाळात तुम्हाला किती तारे दिसतात? झालं.

कॅनडाचं बेट खरं आहे, डेव्हन त्याचं नाव. तिथे एक मोठं उल्काविवर आहे आणि १९९७ पासून शास्त्रज्ञ मंगळाची रंगीत तालीम करायला जातात. तालमीची जागा आहे म्हणून नाटकच झालं नाही, असा हा तर्क. 'दगड अगदी आपल्यासारखेच' असंही मेसेजमध्ये कुठेतरी आहे. असणारच! मंगळावर जागोजाग बेसाल्ट आहे, आणि आपण बेसाल्टवरच बसलोय. धुळे-नंदुरबारकडे माळरानावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात, त्या लाव्हारसाच्याच. माझा एकच प्रश्न आहे. २ एप्रिल २०२२ रोजी पर्सिव्हरन्स रोव्हरने सूर्यासमोरून फोबोस हा मंगळाचा चंद्र सरकताना टिपला, वेडावाकडा, बटाट्यासारखा. कॅनडात असा बटाटा सूर्यावरून कोण फिरवतं? चीनचा झुरोंग रोव्हर मे २०२१ मध्ये उतरला, त्याच्याही फोटोंत तीच तांबूस माती. चीन आणि अमेरिका मिळून एकमेकांची लबाडी झाकतायत, एवढा एकोपा आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही होत नाही.

चांद्रयानाचा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी टीव्हीवर विक्रम उतरताना दिसत होता ते चित्र ॲनिमेशन होतं, मान्य. उतरणाऱ्या यानाच्या बाजूला उभं राहून शूटिंग करणार कोण? वेगाचे आणि उंचीचे आकडे मात्र यानाकडून येत होते. प्रज्ञानचे फोटो काळे-पांढरे, कारण ते कॅमेरे वाट बघून चालण्यासाठी होते. खड्डा लाल आहे की करडा याच्याशी चाकाला काय देणंघेणं? मेगापिक्सेलचं म्हणाल तर क्युरिऑसिटीचा मुख्य कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आहे. तिथून फोटो पाठवायचा तर अंतर साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटर. आमच्या इथे लाइट गेली की गल्लीतल्या गल्लीत फोटो जात नाही. आणि विक्रम तिथे उभा आहे हे इस्रोच्याच शब्दावर मानायचं नसेल, तर अमेरिकेच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने चारच दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्याचा फोटो काढलेला आहे.

राहिलं शेवटचं वाक्य, 'मुलांना या नादी लावू नका.' चांद्रयान-२ चा विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळला. त्याचे तुकडे कुठे पडलेत ते पहिल्यांदा कोणी शोधलं? चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी. व्यवसायाने इंजिनिअर, अवकाश संस्थेशी संबंध नाही. घरी बसून एलआरओचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपका तपासला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचं नाव घेऊन ते जाहीर केलं. फोटो सगळ्यांसाठी खुले होते म्हणून हे जमलं. चांद्रयान-२ चा डेटा इस्रोनेही खुला ठेवला आहे, नाव नोंदवा आणि घ्या. आणि हा नाद आपल्याकडे काही नवीन नाही. चाळीसगावहून जवळच पाटणादेवीला जा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, हे सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे तिथला.

भाचीने काल रात्री फाइल पाठवली. तबकडीचा निळा तुकडा तिच्या फोटोतही गुलाबी आलाय, कारण तिने एल-२ चाच फोटो घेतला होता. मी म्हटलं, तो तसाच ठेव आणि शेजारी एल-४, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या लाल उजेडाची काच, वापरून दुसरा कर, दोन्ही फोटो सरांसमोर मांड. रिमोटही सोबत ने.

आप्पांनी आज सकाळी विचारलं, ग्रुपवर टाकलेला मेसेज परत कसा घेतात. ती मुदत केव्हाच टळली, म्हणून त्याच्याखाली हेच डकवतोय.